तुर्की ‘ग्योझ’: डोळा एक, अर्थ प्रत्ययागणिक

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाईंना मुलगी झाली. इझमीरच्या ऑफिसातल्या तुर्की सहकारिणीने संदेश पाठवला, ‘ग्योझ्युन्युझ आयदन!’ फोनवरच्या भाषांतराने सांगितलं, ‘तुमचा डोळा प्रकाशमान.’ बाईंनी भाबडेपणाने उत्तर दिलं की डोळे ठीक आहेत, झोप तेवढी होत नाही. समोरून हसऱ्या चेहऱ्यांची रांगच्या रांग आली. आता त्यांना विचारायचंय, ‘ग्योझ’ म्हणजे डोळा एवढंच ना? मग तुर्की मालिकांमध्ये हा शब्द दर दोन वाक्यांनी वेगळ्याच अर्थाने का येतो, आणि त्याची शेपटी दर वेळी का बदलते?

बाई, तुमची शंका रास्त आहे आणि ती शेपटीच महत्त्वाची आहे. बावीस वर्षं तुर्कीची दुभाषेगिरी आणि शिकवणी केल्यावर मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो की ‘ग्योझ’चा अर्थ पाठ करू नका, तो कोणत्या प्रत्ययात आलाय ते बघा. नुसता आला तर एक अर्थ, ‘ए’ लागून आला तर दुसरा, ‘देन’ लागला तर तिसरा, ‘माझा-तुझा’ लागला तर चौथा. शब्दकोशात ‘डोळा’ बघून भागत नाही ते यामुळे.

आधी उच्चार, कारण देवनागरीत तो नीट मावत नाही. ‘ग्योझ’मध्ये मी ‘यो’ लिहिलंय, पण तिथे ‘य’ नाही. तुर्की लिपीत ‘ओ’वर दोन टिंबं देतात, जीभ ‘ए’ म्हणायच्या जागी ठेवायची आणि ओठ ‘ओ’सारखे गोल करायचे, मग जे बाहेर पडेल ते. तसंच ‘यु’चं: जीभ ‘इ’ची, ओठ ‘उ’चे. शिट्टी वाजवायचा आव आणून ‘इ’ म्हणून बघा. ‘झ’ झाडातला नाही, झेब्र्यातला. आणि जिथे मी सुटा ‘अ’ लिहितो (‘आल्तअ’सारखा), तिथे बिनटिंबाचा तुर्की ‘इ’ आहे. घशात अडकलेल्या ‘अ’सारखा म्हणा, चालेल. ही दोन टिंबांची आणि अघोष-घोषाची, म्हणजे ‘क’ की ‘ग’ याची, काळजी फुकटची नाही. ‘ग्युझ’ म्हटलंत तर शरद ऋतू होतो. ‘क्योझ’ म्हटलंत तर निखारा. तुर्की हॉटेलात ‘क्योझलेनमिश पातलअजान’ दिसलं तर घाबरू नका, ते निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, म्हणजे आपलं भरताचंच वांगं, नुसतं कांद्या-मिरचीवाचून.

आता रूपं. चांगली बातमी ही की ‘ग्योझ’ हे तुर्कीतलं सगळ्यात सरळ नाम आहे. पोटात काही बदलत नाही. मराठीत ‘डोळा’चं आधी ‘डोळ्या’ व्हावं लागतं, मगच ‘ला’, ‘त’, ‘ने’ चिकटतात. हे सामान्यरूप परक्या माणसाला रडवतं. तुर्कीत मूळ शब्द जसाच्या तसा राहतो आणि प्रत्यय मागे डब्यांसारखे जोडत जातात. ग्योझ-लेर, डोळे. ग्योझ-यु, (तो) डोळा, कर्म म्हणून. ग्योझ-ए, डोळ्याला किंवा डोळ्याकडे. ग्योझ-दे, डोळ्यात. ग्योझ-देन, डोळ्यातून. ग्योझ-युन, डोळ्याचा. ग्योझ-ले, डोळ्याने. बास, नाम विभक्तीत चालवून झालं.

सगळीच नामं इतकी गरीब नसतात. ‘किताप’ (हो, आपली किताबच) म्हटलं की कर्मात ‘किताबअ’ होतं. ‘बुरुन’ म्हणजे नाक, पण कर्मात मधला स्वर गळून ‘बुर्नु’ होतं. ‘माणूस’चं ‘माणसा’ आणि ‘कापूस’चं ‘कापसा’ करणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘ग्योझ’ मात्र जन्मभर ‘ग्योझ’च.

प्रत्यय मात्र स्वर बघून रंग बदलतो. हा तुर्कीचा स्वरमेळ. कर्माचा प्रत्यय एकच, पण त्याचे चार अवतार: बाश (डोकं) → बाश-अ, एल (हात) → एल-इ, कोल (दंड) → कोल-उ, ग्योझ → ग्योझ-यु. तोंड मागच्या स्वराला ज्या आकारात असेल, त्याच आकारात प्रत्यय म्हणायचा. हा आळस आहे, पण शिस्तीचा. ‘ला’ आणि ‘त’ या अर्थाच्या प्रत्ययांना दोनच अवतार: बाश-आ, कोल-आ पण एल-ए, ग्योझ-ए. महिनाभर तोंडाने म्हणत राहिलात तर नियम विसरला तरी चालतं, चुकीचं रूप कानाला टोचायला लागतं.

इथपर्यंत शाळेचं व्याकरण. गंमत पुढे आहे, ‘माझा-तुझा-त्याचा’मध्ये. तुर्कीत ‘माझा’ हा वेगळा शब्द सहसा म्हणत नाहीत, तो नामाच्या मागे लागतो. ग्योझ्युम, माझा डोळा. ग्योझ्युन, तुझा. ग्योझ्यु, त्याचा किंवा तिचा. ग्योझ्युम्युझ, आमचा किंवा आपला. ग्योझ्युन्युझ, तुमचा, आदरार्थीही हाच, म्हणून तुमच्या सहकारिणीने हा वापरला. घरोबा असता तर ‘ग्योझ्युन’ म्हणाली असती. ग्योझलेरि, त्यांचा.

आता नीट बघा. ‘ग्योझ्यु’ म्हणजे ‘(तो) डोळा’ हे कर्मही आणि ‘त्याचा डोळा’सुद्धा. ‘ग्योझ्युन’ म्हणजे ‘डोळ्याचा’ आणि ‘तुझा डोळा’ही. आणि ‘ग्योझलेरि’ तर चार तोंडांचं: ते डोळे (कर्म), त्याचे डोळे, त्यांचा डोळा, त्यांचे डोळे. तुर्की माणसाला यात अडत नाही, कारण वाक्याच्या टोकाला बसलेलं क्रियापद सगळं उघड करतं. एक वाक्य घ्या: ‘बु इशि ग्योझ्युन्दे ब्युय्युत्युयोरसुन.’ शब्दशः, ‘हे काम तू डोळ्यात मोठं करतोयस’, म्हणजे उगाच बाऊ करतोयस. इथे ‘ग्योझ्युन्दे’ हे ‘तुझ्या डोळ्यात’ आहे. शेवटचा ‘सुन’ उडवा, ‘ब्युय्युत्युयोर’ ठेवा, की तेच ‘ग्योझ्युन्दे’ ‘त्याच्या डोळ्यात’ होतं. अक्षर बदललं नाही, पण मालक बदलला. ‘त्याच्या डोळ्यात’मधला तो ‘न’ कुठून आला असं विचाराल, तर तो एक सांधा आहे: ‘त्याचा’ या प्रत्ययानंतर विभक्ती जोडायची झाली की मध्ये ‘न’ घालावाच लागतो. ग्योझ्यु + दे नव्हे, ग्योझ्यु-न-दे. माझे निम्मे विद्यार्थी पहिल्या सहामाहीत हा ‘न’ खातात. इतकं सरळ नाम, त्यालाही असा एक काटा आहेच.

हा ‘माझा’वाला ‘म’ किती जुना आहे ते सांगायचा मोह आवरत नाही. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात ७३२ साली उभारलेला क्युल तिगिनचा शिलालेख आहे. तिथे बिल्गे कागान हा राजा धाकट्या भावाच्या, म्हणजे क्युल तिगिनच्या, मरणाने कोसळतो आणि म्हणतो, ‘क्योर्युर क्योझ्युम क्योर्मेझ तेग… बोलतअ’: पाहणारा माझा डोळा जणू पाहीनासा झाला. तेव्हा शब्द ‘क्योझ’ होता. कझाक आणि किर्गिझ लोक आजही ‘क’नेच म्हणतात. पश्चिमेकडे आलेल्या तुर्कांनी ‘क’चा ‘ग’ केला, म्हणून इस्तंबूलला, बाकूला आणि अश्काबादला ‘ग्योझ’ ऐकू येतं. पण ‘क्योझ्युम’मधला ‘युम’ बघा, आजच्या ‘ग्योझ्युम’मध्ये तोच, तिथेच. त्याच वाक्यातलं ‘क्योर्’ म्हणजे पाहणे, आजचं ‘ग्योर्मेक’. ‘ग्योझ’ आणि ‘ग्योर्’ ही जोडी भाषाशास्त्रवाले ‘झ’ आणि ‘र’च्या नात्यासाठी नेहमी दाखवतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, एकच शब्द इतक्या अर्थांनी कसा. इथे मराठी माणूस फायद्यात असतो, हे आधी सांगून टाकतो. ‘ग्योझ कोय्माक’, शब्दशः डोळा ठेवणे. मराठीतही डोळा ठेवणेच. ‘ओ आर्सादा ग्योझ्यु वार’, त्या प्लॉटवर त्याचा डोळा आहे; फरक इतकाच की तुर्कीत डोळा प्लॉट‘मध्ये’ असतो, आपला ‘वर’. ‘ग्योझ आत्माक’, नजर टाकणे. ‘ग्योझ युम्माक’, डोळेझाक करणे. ‘ग्योझदेन द्युश्मेक’, नजरेतून उतरणे (तुर्क उतरत नाहीत, सरळ पडतात). ‘ग्योझे बात्माक’, डोळ्यात खुपणे. ‘ग्योझ ग्योझे गेल्मेक’, नजरानजर होणे. दृष्टीआड सृष्टी म्हणायचं असेल तर तुर्क म्हणतो, डोळ्यातून दूर तो मनातूनही दूर, आणि दोन्हीकडे ‘देन’ प्रत्यय. हे इतकं जुळतं की विद्यार्थी सैल होतो, आणि तिथेच घसरतो.

मी स्वतः घसरलोय. फार वर्षांपूर्वी सोलापूरचे काही टॉवेलवाले देनिझलीला गेले होते. टॉवेलांसाठी तुर्कस्तानात देनिझलीचं नाव तसंच घेतात, जसं आपल्याकडे सोलापूरचं. पाठवलेल्या मालातला काही भाग रंग उतरलेला निघाला होता, त्याची बोलणी. कारखान्याचा मालक, पांढऱ्या मिशांचा माणूस, चहाचा कमरेत निमुळता पेला बशीत ठेवत शांतपणे म्हणाला, ‘बु झारारअ ग्योझे आलअयोरुझ.’ मी नवखा. ‘ग्योझे’ म्हणजे डोळ्याकडे, ‘आलअयोरुझ’ म्हणजे घेतोय. मी भाषांतर केलं, ‘हे नुकसान आम्ही लक्षात घेतो.’ आपली मंडळी फुरंगटली. लक्षात घेतो म्हणजे काय, पैसे कोण देणार? पुढची वीस मिनिटं खोलीत थंडी. मालकाला कळेना की एवढं मोठं मन दाखवलं तरी हे लोक तोंड का पाडून बसले. कारण तो म्हणाला होता, ‘हे नुकसान सोसायची आमची तयारी आहे.’ ‘ग्योझे आल्माक’ म्हणजे परिणाम माहीत असून पत्करणे, जोखीम अंगावर घेणे. ‘लक्षात घेणे’ला तुर्क ‘ग्योझ ओन्युन्दे’च्या घरातला प्रयोग करतात, ‘डोळ्यासमोर ठेवणे’. शेवटी मालकाच्या मुलीने कागदावर आकडा लिहून पुढे सरकवला, तेव्हा उजेड पडला. माझ्या वहीत त्या दिवसाच्या तारखेखाली फक्त ‘ग्योझे ≠ ग्योझ’ एवढंच लिहिलेलं आहे.

तेव्हापासून मी हे प्रयोग प्रत्ययाच्या खणांत टाकून शिकवतो. नुसता ‘ग्योझ’ आला, त्याला काहीच लागलं नाही आणि पुढे क्रियापद आलं, तर बहुधा डोळा काहीतरी करतोय: टाकला, ठेवला, मिटला. ‘ग्योझे’ आला, तर बाहेरचं काहीतरी डोळ्याकडे येतंय, आणि बघणारा सहसा दुसराच असतो: ग्योझे गिर्मेक, डोळ्यात शिरणे, म्हणजे वरिष्ठांच्या मर्जीत बसणे (आपलं ‘डोळ्यात भरणे’ इथे लावू नका, त्याला ‘ग्योझे चार्पमाक’, डोळ्यावर आदळणे, जास्त जवळचं). ‘ग्योझदेन’ आला, तर डोळ्यातून काहीतरी निघतंय किंवा डोळ्याखालून जातंय: ‘ग्योझदेन गेचिर्मेक’, कागद डोळ्याखालून घालणे, तपासणे. ऑफिसात रोज लागेल हा. आणि ‘ग्योझ्यु’, ‘ग्योझ्युम’ असा मालकासह आला, तर तो डोळा म्हणजे माणसाची इच्छा किंवा तबियत: ‘ग्योझ्युम तुत्मादअ’, माझ्या डोळ्याने धरलं नाही, म्हणजे माणूस बघताक्षणी पटला नाही. ‘ग्योझ्यु काल्दअ’, त्याचा डोळा राहिला, म्हणजे मन त्या वस्तूतच अडकून राहिलं. याला अपवाद आहेत, ‘ग्योझे आल्माक’ हाच एक. पण दहापैकी सातआठ वेळा ही खूण वाट दाखवते.

नुसत्या रूपाबद्दल व्याकरणाची एक गोष्ट सांगायला हवी. तुर्कीत कर्माला प्रत्यय तेव्हाच लागतो जेव्हा ते ठरलेलं, ओळखीचं असतं. ‘चोजुक ग्योझ चिझियोर’: मूल चित्रात डोळे काढतंय, एक की दोन, कोणाचे, काही ठरलेलं नाही. ‘चोजुक ग्योझ्यु चिझियोर’: तो अमुक डोळा काढतंय, ज्याबद्दल आपण बोलत होतो. मराठीत हे काम ‘तो’ने किंवा शब्दांच्या जागेने करतो, तुर्कीत एका स्वराने. म्हणून ‘ग्योझ आत्माक’मध्ये प्रत्यय नाही, कोणता डोळा टाकला हा प्रश्नच नसतो, सगळं मिळून एक क्रियापद झालेलं असतं. बहुवचनाचंही असंच. संख्या आली की ‘लेर’ गायब: ‘इकि ग्योझ’, दोन डोळा. ‘इकि ग्योझलेर’ म्हणणारा ताबडतोब परका ठरतो. आणि दुखतो तो एकच: ‘ग्योझ्युम आर्रअयोर’. तुमच्या डोळ्यांचं कौतुक करायचं असेल तेव्हा मात्र ‘ग्योझलेरिन’, दोन्ही डोळ्यांची दखल घेतात.

‘दे’ लागलेल्या रूपाची कथा वेगळीच. ‘ग्योझदे’, डोळ्यात, इतकं वापरलं गेलं की गोठून स्वतंत्र शब्द झाला: लाडका, पसंतीचा. आता ते विभक्तीचं रूप आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. त्यालाच पुन्हा प्रत्यय लावून ‘ग्योझदेसि’ म्हणतात, ‘त्याची लाडकी’. जाहिरातीत ‘या मोसमातला ग्योझदे रंग’ असं दिसेल.

मागून शब्द घडवणारे प्रत्यय लागले की हे एक अक्षर वाढतच जातं. ‘ल्युक’ म्हणजे ‘त्यासाठीचं’: ग्योझल्युक, डोळ्यासाठीचं, चष्मा. ‘च्यु’ म्हणजे ते करणारा: ग्योझल्युकच्यु, चष्मेवाला. पुन्हा ‘ल्युक’: ग्योझल्युकच्युल्युक, चष्म्याचा धंदा. ही माळ प्रत्येक तुर्की पाठ्यपुस्तकात असते, पण मी विद्यार्थ्यांना यातली एक बारीक गोष्ट दाखवतो. ‘ग्योझ’ कधी बदलत नाही असं वर म्हटलं. ‘ग्योझल्युक’ मात्र शेवटी ‘क’ आल्यामुळे लगेच बदलतो. ‘माझा चष्मा’ म्हणताना ‘क’ विरघळून ज्याला तुर्क ‘युमुशाक गे’, मऊ ग, म्हणतात ते मुकं अक्षर येतं: ग्योझल्यूयुम. ‘डोळ्यात’ ग्योझदे, पण ‘चष्म्यात’ ग्योझल्युकते, ‘क’च्या शेजारी ‘दे’चा ‘ते’.

आणि आपला ‘चष्मा’? तोही डोळ्यातूनच आलेला. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा, ‘चश्मे’ म्हणजे झरा. तो शब्द आपल्याकडे येऊन नाकावर बसला. तुर्कीत तोच शब्द ‘चेश्मे’ म्हणून गेला आणि रस्त्यावर उभा राहिला: सार्वजनिक पाण्याचा नळ किंवा दगडी पाणपोई, जुन्या इस्तंबूलमध्ये गल्लोगल्ली. इझमीरजवळ समुद्रकाठी चेश्मे नावाचं गावही आहे. तुमची सहकारीण उन्हाळ्यात तिकडे जात असेल तर तिला सांगून बघा की आमच्या भाषेत तुमचं गाव नाकावर घालतात. झरा आणि डोळा यांची जोडी तुर्कांनी स्वतःच्या शब्दातही केलीय: पाणी जिथून फुटतं ती जागा ‘ग्योझे’. लेखी दिसायला ‘डोळ्याला’सारखीच, अर्थ मात्र झऱ्याचं तोंड.

यावरून ‘ग्योझ’च्या आणखी एका पैलूकडे येतो, तो शब्दकोशात खालच्या ओळीत असतो आणि मराठीत सुंदर जुळतो. ‘ग्योझ’ म्हणजे कप्पा, पोकळी. टेबलाच्या ड्रॉवरचा ग्योझ, पिशवीचा ग्योझ, आणि ‘इकि ग्योझ ओदा’ म्हणजे दोन खोल्यांचं घर. आपल्याकडे हे सगळं काम ‘खण’ करतो: टेबलाचा खण, कपाटाचा खण, दोन खणांचं घर. तिथे डोळा, इथे खण, पण घर मोजायची रीत तीच. पुलाच्या कमानीलाही ते ‘ग्योझ’ म्हणतात. दियारबाकअरला टायग्रिस नदीवर १०६५ सालचा काळ्या दगडांचा पूल आहे, ‘ओन ग्योझल्यु क्योप्र्यु’, दहा डोळ्यांचा पूल. काठावर उभं राहून मोजलं तर खरंच दहा कमानी भरतात. आणि द्राक्षवेलीचा किंवा झाडाचा डोळाही ‘ग्योझ’. उसाचा डोळा, बटाट्याचा डोळा म्हणणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नागपूरकडे संत्र्याची कलमं डोळा भरून करतात. तुर्की रोपवाटिकेत त्याच कामाला ‘ग्योझ आशअसअ’ म्हणतात, डोळ्याचं कलम. एकदा विदर्भातल्या बागायतदारांना रोपवाटिका दाखवायला नेलं होतं, तेव्हा हा एक शब्द मला न शिकवताच आला.

‘ग्योझ आशअसअ’मध्ये शेवटी ‘सअ’ लागलाय, तो समासाचा. दोन नामं जोडली की दुसऱ्याला ‘त्याचा’ प्रत्यय लागतो: ग्योझ दोक्तोर-उ, डोळ्यांचा डॉक्टर. ग्योझ-याश-अ, डोळ्यातलं पाणी, अश्रू. मजा अशी की ‘माझा’ लागला की तो ‘त्याचा’ उठून जागा देतो: ग्योझ दोक्तोरुम. दोन मालक एका नामावर बसत नाहीत. पण कधी कधी समासाला प्रत्यय लागतच नाही, जसा ‘कारा ग्योझ’, काळा डोळा, म्हणजे ज्याचे डोळे काळे तो. संस्कृत शिकलेल्यांना हा बहुव्रीही लगेच ओळखू येईल. उंटाच्या कातड्याच्या बाहुल्यांनी पडद्यावर खेळला जाणारा तुर्की छायानाट्याचा खेळ या नावाच्या पात्रावरूनच ‘काराग्योझ’ म्हणून ओळखला जातो आणि २००९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी बघितलाय, त्यांना काराग्योझ परका वाटणार नाही, फक्त तो जास्त शिवराळ आहे.

बातम्या बघत असाल तर एका समासाला जपा. ‘ग्योझाल्तअ’, शब्दशः डोळ्याखाली. मराठीत लगेच ‘नजरकैद’ लिहावंसं वाटतं. चूक. ग्योझाल्तअ म्हणजे पोलिसांनी चौकशीसाठी ताब्यात घेणं. कोर्टाने अटकेत पाठवलं तर त्याला वेगळा शब्द आहे, ‘तुतुकलामा’. आणि घरात डांबलं तर आणखी तिसरा. वर्तमानपत्राच्या भाषांतरात हे तिन्ही ‘अटक’ म्हणून छापलेले मी पाहिलेत.

स्वयंपाकघरात तुम्हाला ‘ग्योझ कारारअ’ लागेल. ‘कारार’ म्हणजे निर्णय, आपला ‘करार’ त्याच अरबी मुळाचा. डोळ्याचा निर्णय, म्हणजे अंदाजाने. तुर्की सासूला मीठ किती विचारलंत तर उत्तर ‘ग्योझ कारारअ’, आपल्याकडच्यासारखंच, आणि उपयोगही तितकाच. आणि ‘ग्योझ हाक्कअ’, डोळ्याचा हक्क, हा मला सगळ्यांत आवडतो. शेजारणीने तुमचं तळणं पाहिलं, वास घेतला, की त्यातला घास तिचा झाला. ताटलीत घालून पाठवायचा. तिथे ही निव्वळ माणुसकी नाही, त्या डोळ्याचं देणं असतं.

कारण डोळा लागतो. इथे पुन्हा तुर्की आणि मराठी एका उंबऱ्यावर येतात. अरबी ‘नझर’ दोघांनी घेतली. आपण तिला बघण्यासाठीही वापरतो आणि दृष्ट लागण्यासाठीही. रोजच्या तुर्कीत ‘नाझार’ म्हणजे मुख्यतः दृष्टच. ‘नाझार देय्मेक’, नजर लागणे, आणि ‘देय्मेक’चा मूळ अर्थ स्पर्श होणे, जसा आपल्या ‘हात लागला’मधला ‘लागणे’. ग्योझ वापरून म्हणायचं तर ‘ग्योझे गेल्मेक’, डोळ्याकडे येणे. पुन्हा तो ‘ए’ प्रत्यय, बाहेरचा डोळा. निळ्या काचेवर पांढरं-काळं बुबुळ असलेला तो मणी म्हणजे ‘नाझार बोन्जुउ’. इझमीरजवळच्या केमालपाशा तालुक्यातल्या एका खेड्यात हे मणी भट्टीवर हाताने ओढतात, आणि त्यावरूनच त्या गावाचं नाव नाझारक्योय पडलंय. २०१८ पासून तो मणी फोनच्या इमोजीतही आहे, आता सहकारिणीच्या संदेशात नीट बघा, बहुतेक असेलच.

तर ‘ग्योझ्युन्युझ आयदन’. ग्योझ + युन्युझ, तुमचा डोळा. आयदन, उजळलेला. ‘होवो’ हे क्रियापद गळलंय, जसं आपल्या ‘शुभ प्रभात’मध्ये गळतं. मूल झालं, परदेशातला मुलगा सुखरूप परत आला, हरवलेलं सापडलं, की हे म्हणतात. ज्या गोष्टीची वाट पाहून डोळे शिणले ती घडली, आता डोळे निवले, असा भाव. साध्या अभिनंदनाला तुर्कीत दुसरा शब्द आहे. हा फक्त वाट पाहिलेल्या आनंदाला. उत्तर द्यायचं ते ‘साओलुन’, ठणठणीत राहा, म्हणजेच धन्यवाद. झोपेचा विषय पुढच्या ओळीत काढलात तरी हरकत नाही, तिलाही मुलं असतील तर समजेल.

आणि बाळाला तीट लावली असेल तर तिचा फोटो पाठवा. खाली लिहा, ‘नाझार देय्मेसिन’. नजर न लागो. ‘देय्’ हे मूळ, ‘मे’ नकाराचा, ‘सिन’ आज्ञार्थाचा. त्या काळ्या ठिपक्याचा अर्थ तिला विचारावा लागणार नाही.